चर्चच्या आवारातली पाऊसबाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरातल्या चर्चला मोठं छत असतं, भोवती थोडी मोकळी जमीन असते आणि पाऊस पडला की ते सगळं पाणी पन्हळीतून थेट गटारात जातं. हे पाणी आवारातच जिरवायचं ठरवलं की पुढे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

पाऊसबाग म्हणजे तळं का?

नाही. पाऊसबाग, म्हणजे रेन गार्डन, हा एक उथळ खोलगट वाफा असतो. छतावरचं किंवा फरसबंदीवरचं पाणी त्यात येतं, काही तास थांबतं आणि जमिनीत मुरतं. वर्षातले बहुतेक दिवस ही बाग कोरडीच असते. हे नीट लक्षात आलं नाही तर पुढचं सगळं चुकतं. ‘पाण्याची बाग’ म्हणून दलदलीतली रोपं आणली जातात आणि पहिल्या कोरड्या महिन्यात ती माना टाकतात.

आज ज्या स्वरूपात ही पद्धत ओळखली जाते, ते १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत घडत गेलं. पावसाचं पाणी गोळा करणाऱ्या मोठ्या कुंडांऐवजी प्रत्येक आवारातच पाणी जिरवावं, असा त्यामागचा विचार होता.

त्यासाठी चर्चचं आवार कशाला?

कारण एवढं मोठं छत आणि त्याच्या शेजारीच मातीची जमीन, हे शहरात फार कमी ठिकाणी सापडतं. शिवाय अनेक जुन्या शहरांत पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकाच नळातून वाहतं. जोराच्या पावसात तो नळ भरला की जास्तीचं मिश्रण न शुद्ध करता नदीत सोडलं जातं. छताचं पाणी त्या नळात गेलंच नाही, तर तेवढा भार कमी होतो.

परवानगी कोणाची लागते?

आवाराची मालकी पुष्कळदा स्थानिक मंडळीकडे, म्हणजे तिथे उपासनेला जमणाऱ्या लोकांकडे, नसते. ती धर्मप्रांताकडे किंवा विश्वस्त संस्थेकडे असते, त्यामुळे पहिलं पत्र तिकडे जायला हवं. इमारत वारसा यादीत असेल तर पन्हळीच्या पाइपला हात लावण्यापूर्वी वारसा खात्याची संमती घ्या. इंग्लंडच्या चर्चमध्ये इमारतीतल्या आणि आवारातल्या बहुतेक बदलांसाठी ‘फॅकल्टी’ नावाची वेगळी परवानगी असते. जमिनीखालच्या वीज, गॅस, पाणी आणि टेलिफोनच्या वाहिन्या संबंधितांकडून खुणा करून घेतल्याशिवाय कुदळ मारू नका. जुन्या चर्चच्या जमिनीखाली वापरात नसलेली तेलाची टाकीही निघू शकते. आवाराचे जुने नकाशे मिळाले तर आधी पाहून घ्या.

जागा कशी निवडायची?

आधी एका जोरदार पावसात छत्री घेऊन आवारात फिरा. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे साचतं, हे कागदावर मांडा. हा एक तास नंतरची बरीच डोकेदुखी वाचवतो.

मग या अटी तपासा. इमारतीच्या पायापासून कमीत कमी ३ मीटर अंतर हवं. जुन्या दगडी इमारतीला तळघर असेल किंवा बांधकाम चुन्यातलं असेल तर ५ मीटर किंवा त्याहून जास्त ठेवा आणि बाग नेहमी इमारतीच्या उताराच्या बाजूला घ्या. चुन्याची जोडणी ओल शोषून घेते. पायाशी मुरवलेलं पाणी दोन-तीन वर्षांनी आतल्या भिंतीवर पांढऱ्या क्षारांच्या रूपाने दिसू लागतं. जमिनीचा उतार १२ टक्क्यांपेक्षा जास्त असेल, म्हणजे १ मीटरमागे १२ सेंमीपेक्षा जास्त, तर दुसरी जागा बघा. मैलापाण्याच्या शोषखड्ड्यापासून १५ मीटर दूर राहा.

आवारात आधीच कायम चिखल असलेला कोपरा असेल तर सगळ्यांचं बोट तिकडेच जातं. पण तिथे पाणी साचतं याचा अर्थच असा, की तिथली जमीन पाणी पीत नाही. बाग त्या कोपऱ्याच्या वरच्या अंगाला करा, म्हणजे पाणी तिथपर्यंत पोचण्याआधीच जिरेल.

मोठ्या झाडाखाली खणू नका. खोडाचा जो व्यास असेल त्याच्या बारापट अंतर मुळांसाठी सोडा. ५० सेंमी व्यासाच्या झाडाभोवती ६ मीटर. शंभर वर्षांचं झाड पाऊसबागेसाठी दुखावणं हा तोट्याचाच सौदा आहे.

आवारात जुनी दफनभूमी आहे. तिथे करता येईल का?

थडग्यांच्या जवळ नको. जुन्या आवारात आजच्या कुंपणापलीकडेही, खूण नसलेल्या कबरी असू शकतात. दफनाची नोंदवही आणि जुने नकाशे जुळवून बघा. तरीही शंका उरली तर जागा बदला. बागेचा सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर पडण्याची वाट, थडग्यांच्या दिशेने काढू नका. भिजलेली भर बसते आणि दगड कलतात. खणताना हाड दिसलं तर काम तिथेच थांबवा आणि पाळकांना व स्थानिक अधिकाऱ्यांना कळवा.

आमची जमीन पाणी पिते का, हे कसं कळणार?

खड्डा करून. दुसरा खात्रीचा उपाय नाही.

बागेचा तळ जिथे येणार त्या पातळीपर्यंत आधी खणा. तिथून पुढे २० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल असा खड्डा घ्या. कुदळीने किंवा फावड्याने चिकण माती कापली की खड्ड्याच्या भिंती तासलेल्या साबणासारख्या गुळगुळीत होतात आणि पाणी आतच अडकतं. म्हणून त्या भिंती खिळ्याने किंवा खुरप्याच्या टोकाने ओरखडा. खड्डा काठोकाठ भरा, पूर्ण रिकामा होऊ द्या, पुन्हा भरा. मोजायचं ते दुसऱ्या भरणीला. कोरडी माती पहिलं पाणी अधाशासारखं पिते आणि खोटा आकडा दाखवते. खड्ड्यात पट्टी उभी रोवा आणि दर तासाला पातळी किती उतरली ते लिहा. आवारात तीन ठिकाणी हे करा, कारण इमारतीजवळ जुन्या बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो आणि दहा पावलांवर जमीन अगदी वेगळी निघते.

तासाला २५ मिमी किंवा जास्त उतरलं तर उत्तम. १२ मिमी असेल तर बागेत थांबणारं १५ सेंमी खोल पाणी साडेबारा तासांत जातं, म्हणजे निर्धास्त काम करा. ६ मिमी असेल तर तेच पाणी २५ तास घेईल. ही सीमारेषा समजा आणि खोली १० सेंमीवर आणून क्षेत्रफळ वाढवा. ६ पेक्षाही कमी आलं तर खाली छिद्रांचा निचरा-पाइप घालावा लागतो. ते काम जाणकार अभियंत्याकडून करून घ्यावं.

खड्ड्यातली माती हातात घेऊन बघा. ओली करून अंगठ्याने दाबत पट्टी काढा. ५ सेंमीपेक्षा लांब पट्टी न तुटता निघाली तर माती चांगलीच चिकण आहे. मातीचा रंग राखाडी आणि त्यात गंजासारखे तांबूस ठिपके असतील, तर वर्षातले काही महिने तिथे भूजल वर येतं. भूजलाची सर्वांत वरची पातळी बागेच्या तळाच्या निदान ६० सेंमी खाली हवी. खड्ड्यात न ओतताच पाणी झिरपून आलं, तर ती जागा सोडून द्या.

बाग किती मोठी हवी?

हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. छत मोजताना उताराची लांबी धरू नका, जमिनीवर पडणारी त्याची सावली मोजा. चर्चचं छत खूप चढं असतं, त्यामुळे उतार मोजला तर आकडा भलताच फुगतो.

समजा, छताची एक बाजू १२० चौरस मीटर जमीन झाकते आणि २५ मिमी पावसाचं पाणी सामावून घ्यायचं आहे. १२० × २५ म्हणजे ३,००० लिटर. छत भिजण्यात आणि उडण्यात थोडं जातं. हाती सुमारे २,८०० लिटर, म्हणजे २.८ घनमीटर येतं. पाणी १५ सेंमी खोल थांबणार असेल तर २.८ ला ०.१५ ने भागा: साधारण १९ चौरस मीटर. कडा तिरक्या असल्याने थोडी जागा कमी भरते, तेव्हा ३ मीटर × ७ मीटर, म्हणजे २१ चौरस मीटर घ्या. लांब बाजू उताराला आडवी ठेवा.

एवढी जागा नसेल तर लहान बाग करा आणि सांडवा मोठा ठेवा. निम्म्या मापाची बागसुद्धा रोजच्या हलक्या पावसाचं सगळं पाणी जिरवते, आणि वर्षभरातले बहुतेक पाऊस हलकेच असतात. खोली वाढवून जागा वाचवण्याचा मोह मात्र टाळा.

खोदकामाचा क्रम काय?

जमीन वाफशावर, म्हणजे चिखलही नाही आणि कडक कोरडीही नाही अशी, असताना खणा. ओल्या चिकण मातीत पाय पडला तरी तिची पोकळी दबते, आणि दबलेली माती पाणी घेत नाही. यंत्र वापरत असाल तर ते वाफ्याच्या बाहेर उभं राहून आपल्या लांब हाताने आत पोचेल असं लावा. वाफ्यात एकदा चाक फिरलं की तुमच्या खड्ड्याच्या चाचणीचा आकडा रद्द झाला असं समजा.

चुन्याने किंवा दोरीने आकार आखा. गवताचा थर सोलून वेगळा ठेवा. मग वरच्या अंगाची माती काढून खालच्या अंगाला बांध घाला. २१ चौरस मीटरला १५ सेंमी खोल गेलात तर तीन घनमीटरांहून थोडी जास्त माती निघते, वजनाने सुमारे ५ टन, आणि मोकळी झाल्यावर ती आणखी फुगते. ती कुठे जाणार हे आधी ठरवा. बहुतेक ठिकाणी काम अडतं ते याच ढिगाशी.

तळ सपाट हवा, सगळीकडे एकाच पातळीत. डोळ्यांवर विसंबू नका. गवंड्याची पाण्याची लेव्हल-नळी घ्या आणि दर मीटरला खुंटी मारून पातळी मिळवा. तळ एका कोपऱ्याला ५ सेंमी जरी उतरता राहिला तरी सगळं पाणी तिथेच जमतं. मग तिथली रोपं कुजतात आणि उरलेल्या बागेला पाणीच मिळत नाही. पातळी मिळाल्यावर तळाची माती पंजाने २०-३० सेंमी खोल भुसभुशीत करा आणि त्यावर पुन्हा उभं राहू नका. फळ्या टाकून त्यांवरून चाला.

बांध माथ्याला ३० सेंमी रुंद ठेवा आणि थराथराने चोपा. आवारातली जी जागा तुडवायची ती हीच. बाजूंचा उतार सौम्य हवा, १ उभ्याला ३ आडवा. सांडव्याची खाच बांधाच्या माथ्यापेक्षा ५ सेंमी खाली काढा, तिथे दगड बसवा आणि तिथून पाणी कोणाच्या दारात, शेजाऱ्याच्या तळघरात किंवा पायवाटेवर जाणार नाही हे स्वतः बघा.

रोपं लावण्याआधी नळी सोडून बाग एकदा भरा. पाणी सगळीकडे सारखं पसरतं का, खाचेतूनच बाहेर पडतं का, किती तासांत जिरतं, हे सगळं तेव्हा दिसतं. चूक आज दुरुस्त करायला फावडं पुरतं.

माती बदलावी का? वाळू मिसळावी का?

चाचणीत १२ मिमीच्या वर आकडा आला असेल तर माती आहे तशीच ठेवा आणि वर ३-५ सेंमी चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळा. चिकण मातीत चार घमेली वाळू टाकून काहीच होत नाही. चिकणाचे बारीक कण वाळूच्या फटी भरून काढतात आणि मिश्रण वाळलं की विटेसारखं घट्ट होतं. माती खरोखरच बदलायची असेल तर पूर्ण बदला: ५० ते ६० टक्के धुतलेली जाड वाळू, २० ते ३० टक्के पोयटा, उरलेलं कंपोस्ट. कंपोस्टचा हात सैल सोडू नका. जास्तीच्या कंपोस्टमधून फॉस्फरस पाण्याबरोबर निघून जातो आणि बाग पाणी स्वच्छ करण्याऐवजी ते बिघडवते. शेणखत आणि रासायनिक खतं याच कारणाने वर्ज्य.

पन्हळीचं पाणी बागेपर्यंत कसं आणायचं?

उभा पाइप जमिनीपासून २०-२५ सेंमी वर कापा. खाली गटारात जाणारं जे तोंड उरतं ते झाकण लावून पक्कं बंद करा. उघडं राहिलं तर पाणी पुन्हा त्याच वाटेने जातं आणि उंदीर वर येतात. कापण्याआधी त्या भूमिगत नळाला आणखी काही जोडलेलं आहे का ते बघा. पुढे कोपर बसवून १० सेंमी व्यासाचा पाइप किमान १ टक्का उताराने, म्हणजे १ मीटरला १ सेंमी, बागेपर्यंत न्या. उघडा दगडी पाटही चालतो, आणि तो तुंबला तर लगेच दिसतो, म्हणून जिथे लोकांची ये-जा नाही तिथे पाटच घ्यावा.

उंच छतावरून येणाऱ्या पाण्याला जोर असतो. पाइपच्या तोंडाशी १० ते २० सेंमीचे गोटे निदान अर्धा मीटर लांबीत, जाड कापडावर रचा. कापड नसेल तर गोटे वर्षभरात मातीत बसतात. या गोट्यांच्या मागे एक लहान गाळखड्डा ठेवा. पानं, कबुतरांची विष्ठा आणि छताची रेती तिथेच अडते आणि घमेल्याने उचलता येते.

पार्किंगचं पाणी घेता येईल का?

घेता येईल, पण ते छताच्या पाण्यापेक्षा मळकट असतं. पार्किंगच्या कडेच्या कठड्यात सुमारे ४५ सेंमी रुंदीची खाच काढा आणि पाणी आधी गवताच्या किंवा खडीच्या पट्ट्यावरून जाऊ द्या. वाफ्याची कड डांबरापेक्षा ५ सेंमी खाली हवी. पातळी एकसारखी ठेवली तर एका हंगामातच गाळ आणि गवत मिळून एक उंचवटा तयार होतो आणि पाणी बागेला वळसा घालून निघून जातं. रविवारी गाड्या दाटीने लागतात, म्हणून चाक-अडथळे बसवा. डांबरावर कोलतारयुक्त लेप मारलेला असेल तर त्याचं पाणी बागेत घेऊ नका. थंड प्रदेशात बर्फ वितळवण्यासाठी टाकलेलं मीठ मातीत अडत नाही, सरळ भूजलात जातं. तेव्हा खरडलेल्या बर्फाचा ढीग बागेवर लावू नका.

देशी रोपं म्हणजे नेमकी कुठली?

‘देशी’ हा शब्द देशाच्या सीमेवरून ठरत नाही, तुमच्या भागातल्या मातीवरून आणि पावसावरून ठरतो. पिवळा आयरिस युरोपात पाणथळ काठाचा मूळ रहिवासी आहे, तर उत्तर अमेरिकेत तोच ओढे बुजवणारं आक्रमक तण आहे. जांभळ्या तुऱ्यांच्या लिथ्रम सॅलिकॅरियाचीही तीच गोष्ट. भारतात पाणथळ कोपऱ्यासाठी सर्रास सुचवली जाणारी कर्दळ मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली, आणि घाणेरीही तिथलीच. म्हणून परक्या देशातली रोपांची यादी जशीच्या तशी उचलू नका. तुमच्या शहराबाहेरच्या ओढ्याच्या काठी, जिथे पाणी येतं आणि ओसरतं, तिथे आपणहून काय वाढतं ते बघा. रोपं मात्र रोपवाटिकेतूनच घ्या, रानातून उपटून नव्हे.

बागेचे तीन पट्टे धरा. तळाशी एक दिवस बुडून राहणारी आणि नंतर तीन आठवड्यांची कोरड सोसणारी रोपं लागतात. दख्खनच्या बाजूला वाळा यासाठी अगदी योग्य आहे. त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, मातीत उभ्या वाटा पाडतात आणि काठही धरून ठेवतात. पूर्व उत्तर अमेरिकेत तीच जागा दलदलीचं मिल्कवीड (अस्क्लेपियास इन्कार्नाटा) आणि स्विचग्रास घेतात. मिल्कवीडवर मोनार्क फुलपाखरू अंडी घालतं आणि त्याच्या अळ्या मिल्कवीडशिवाय दुसरं काही खात नाहीत. मधल्या उतारावर मारवेलसारखी झुबकेदार गवतं आणि फुलझाडं. बांधावर कोरडी जमीन आवडणारी झुडपं, कारण बांध हा बागेतला सर्वांत तहानलेला भाग असतो. निर्गुडीसारखं झुडूप ओढ्याकाठी आणि कोरड्यातही तग धरतं, पण पसरतं. पायवाटेपासून दीड मीटर आत लावा.

निम्मी रोपं गवतवर्गीय ठेवा. फुलझाडं लोकांना आवडतात, पण माती बांधून ठेवणारं मुळांचं जाळं गवताचंच. दुहेरी पाकळ्यांच्या शोभेच्या जाती टाळा, त्यांत मधमाशीला पराग फारसे मिळत नाहीत. रोपं घेताना निओनिकोटिनॉइड गटातलं कीटकनाशक वापरलं आहे का हे विचारा. ते पराग-मधातही उतरतं.

किती रोपं, आणि कधी लावायची?

३५ सेंमी अंतर धरलं तर चौरस मीटरला ८, म्हणजे २१ चौरस मीटरला १७० च्या आसपास. बोटभर जाडीच्या मुळांच्या गड्ड्याची छोटी रोपं घ्या. मोठ्या कुंडीतल्या रोपापेक्षा ती लवकर रुजतात. एका जातीची पाच-सात रोपं एकत्र लावा, म्हणजे तण ओळखणं सोपं जातं आणि कीटकांनाही सोयीचं होतं. लागवड अशा वेळी करा की मुळं धरायला सहा-आठ आठवडे सौम्य हवामान मिळेल. मुसळधार पावसाच्या तोंडावर केली तर रोपं वाहून सांडव्यात सापडतात. पहिले काही आठवडे पाइपचं तोंड वळवून पाणी बागेबाहेर सोडता आलं तर फार बरं.

वरून आच्छादन काय घालायचं?

चिंधड्यांसारखं तंतुमय लाकडी आच्छादन, ५ ते ८ सेंमी. सालीचे जाड तुकडे तरंगतात आणि सांडव्यावर जाऊन बसतात. २१ चौरस मीटरवर ६ सेंमी थर द्यायचा तर सव्वा घनमीटर लागतं. रोपाच्या बुंध्याला टेकू देऊ नका. रोपांनी जमीन झाकली की पुन्हा घालायची गरज नाही.

डास होतील का?

अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला उबदार हवेतही साधारण एक आठवडा लागतो. बाग २४ तासांत, फार तर ४८ तासांत रिकामी व्हायला हवी. त्यामुळे नीट चालणाऱ्या बागेत डास होत नाहीत. तुंबलेल्या पन्हळीत, पाइपच्या खळग्यात आणि गाळखड्ड्यात मात्र होतात. शोध तिथे घ्या.

लहान मुलं, चाकाची खुर्ची, लग्नं, अंत्ययात्रा यांचं काय?

पाणी १५ सेंमी खोल आणि काठ सौम्य, तरी भर पावसात लहान मुलांवर लक्ष हवंच. पायवाटेच्या कडेला ६० सेंमी सपाट पट्टी सोडा, म्हणजे खुर्चीचं चाक घसरणार नाही. पार्किंगपासून दारापर्यंतची जवळची वाट लोक सोडत नाहीत. ती बागेतून जात असेल तर तिथे दगडी टप्पे किंवा लहान पूल आखूनच द्या, नाहीतर वाट रोपांतून पडेल. शवपेटी नेणाऱ्यांना शेजारी शेजारी चालता आलं पाहिजे, तेव्हा मुख्य वाटेची रुंदी कमी करू नका.

देखभाल कोण आणि किती करणार?

खणायला चाळीस हात येतात, दुसऱ्या वर्षी तण काढायला कोणी नसतं. पाऊसबागा यामुळेच मरतात, म्हणून हे आधी ठरवा. मंडळी रविवारी जमते, पण नव्या रोपाला आठवड्यातून दोनदा पाणी लागतं. दर आठवड्याला दोन नावं, त्यांतलं एक जवळपास राहणाऱ्याचं, असा तक्ता दारावर लावा. पहिल्या हंगामात पाऊस नसेल तेव्हा आठवड्याला २५ मिमी द्यावं लागतं, २१ चौरस मीटरला सव्वापाचशे लिटर. दुसऱ्या वर्षी फक्त लांबलेल्या कोरडीत.

पहिली दोन वर्षं वाढीच्या हंगामात दर पंधरवड्याला खुरपणी करा, तण बी धरण्याआधी. हौशी हात देशी रोपंच उपटून टाकतात, हे इतकं नेहमीचं आहे की प्रत्येक जातीच्या कोवळ्या रोपाचा फोटो असलेला एक कागद लॅमिनेट करून अवजारांच्या खोलीत टांगावा. गवत कापणाऱ्या कंत्राटदाराला सीमा दाखवा आणि बागेभोवती विटांची सपाट कड द्या. मेलेल्या रोपांच्या जागी पुढच्या हंगामात नांग्या भरा.

बाग चालत नाही. काय बिघडलं असेल?

दोन दिवसांनंतरही पाणी उभं असेल तर आधी वरचा थर बोटाने उचकटून बघा. पाण्याबरोबर आलेला बारीक गाळ वाळून पापडासारखी पापुद्री धरतो. खालची माती कोरडी निघाली तर दोष फक्त या पापुद्र्याचा आहे. तो खरडा, ५ सेंमी माती मोकळी करा आणि गाळ कुठून येतो ते शोधा. आवारात कुठे तरी बोडखी जमीन असते. खालची मातीही चिंब निघाली तर बांधकामाच्या वेळी ती दबली आहे. बागेच्या काट्याने (दातेरी फावड्याने) खोलवर टोचून, मुळं जाऊ देऊन, दोन वर्षं वाट बघा. खोल मुळांची गवतं हे काम आपल्यापेक्षा चांगलं करतात. तरीही फरक नसेल तर निचरा-पाइप.

पाणी बागेत येतच नसेल तर पन्हळ तुंबली आहे किंवा तोंडाशी उंचवटा झाला आहे. बांध फुटला असेल तर सांडवा लहान आहे. फुटलेल्या जागीच नवा सांडवा करणं बहुधा शहाणपणाचं, कारण पाण्याने आपली वाट दाखवली आहे. एकच जात बाग खाऊन टाकत असेल तर बी धरण्याआधी तिचे तुरे कापा आणि दर वर्षी तिसरा हिस्सा उपटा. तळातली रोपं पिवळी पडून बुंध्याशी मऊ झाली तर पाणी जास्त, टोकाकडून करपली तर कमी.

छत तांब्याचं आहे, कडांना शिसं आहे. चालेल का?

शोभेच्या देशी रोपांसाठी चालेल. धातू मुख्यतः वरच्या काही सेंटिमीटर मातीत आणि आच्छादनात अडकतात. पण या बागेत भाजी, औषधी पाला, फळं असं खाण्याचं काहीही लावू नका. जुन्या इमारतीभोवती शिसं असलेल्या रंगाचे पोपडे मातीत मिसळलेले असतात, म्हणून खणण्याआधी त्या मातीची शिशासाठी तपासणी करून घ्या. आकडा जास्त आला तर माती उचलायची नाही. जागा बदलायची.

वाळलेली देठं कधी कापायची?

हंगाम संपल्या संपल्या नाही. पोकळ देठांत एकट्या राहणाऱ्या मधमाश्या असतात आणि बियांवर पक्षी येतात. नवी वाढ दिसू लागली की जमिनीपासून २० ते ४५ सेंमी देठ ठेवून वरचा भाग कापा. उरलेल्या खुंटांच्या उघड्या तोंडांतून त्या हंगामात या मधमाश्या आत जातात, अंडी घालतात, आणि पिल्लं पुढच्या वर्षी बाहेर येतात. नवी पानं हे खुंट महिनाभरात झाकून टाकतात. कापलेली देठं आवाराच्या एका कडेला सैल मोळीत उभी ठेवा. त्यांत आधीच कोणी वस्तीला असेल तर त्याला बाहेर पडता येईल. आणि सांडव्याच्या खाचेत अडकलेले तुकडे त्याच दिवशी काढा.